न विचारता वाढलेलं

माझं स्वतःचं लहानपण मागच्या प्रकरणात संपलं. ते तेवढंच होतं. चौथी झाली, पाटी धाकट्या भावाकडे गेली आणि माझ्या हातात पळी आली. चुलीपुढे बसून माणूस मोठं कसं होतं हे सांगायला फार पानं लागत नाहीत. लहानपण म्हणून जे काही मी जवळून, अगदी तळहातावर घेऊन पाहिलं, ते म्हातारपणी कुवेतमध्ये पाहिलं, आणि ते माणसाचं नव्हतं, मांजराचं होतं. त्याचं पोट, त्याचं दूध आणि त्याची शी याशिवाय या प्रकरणात दुसरं काही नाही. ज्याला किळस येते त्याने पान उलटावं.

तेव्हा आम्ही आत्ता राहतो तिथेच राहत होतो, अबू हलीफात, पाचव्या मजल्यावर. दोन इमारतींच्या फटीतून समुद्राची एक उभी पट्टी दिसते. पाहुणे आले की सुजाता त्यांना खिडकीशी नेऊन ती दाखवते. सुजाता माझी मुलगी, इस्पितळात नर्स. जावई सतीशराव तेलाच्या कारखान्यात, कंट्रोल रूममध्ये. दोघांच्या ड्युट्या अशा की कोण कधी घरात असेल याचा पत्ता नाही. एकाचे बूट दारात आले की दुसऱ्याचे निघालेले असायचे. एसीची घरघर चोवीस तास. ती थांबली तरच लक्षात यायचं की ती होती. उन्हाळ्यात खिडकीच्या काचेला हात लावला तर तवा. मी स्वयंपाकघरात. कुळथाचं पिठलं, भात, कोळंबीचं कालवण, झुबैदी म्हणतात ती इथली पापलेटं तळलेली. भाकरीचं पीठ संपलं तर खालच्या बकाल्यातून, म्हणजे इथल्या वाण्याकडून, खबूस आणायचा, अरबांची रोटी. त्यावर तूप घातलं की तोही आपला होतो.

वाढण्याच्या बाबतीत माझा एक कायदा होता, आणि तो माझ्या आईचा होता. आमच्या गुहागरकडच्या घरात आलेल्या माणसाला "जेवणार का?" असं कुणी विचारत नसे. विचारणं म्हणजे त्याला नाही म्हणायची वाट दाखवणं. विचारलं की माणूस भिडेपोटी नको म्हणतो आणि उपाशी जातो. म्हणून आमच्याकडे पाय धुतल्याचा आवाज आला की ताट मांडलेलं. ताटातलं संपायच्या आत पुन्हा वाढलेलं. हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढलेलं. मी हे सगळं विमानात घालून कुवेतला आणलं. सतीशरावांची चावी कुलपात वळली की मी गॅस पेटवायची. सुजाता गणवेश बदलून येईपर्यंत तिचा भात वाफाळत असायचा. "नको" हा शब्द मला ऐकू येतो. माझे कान उत्तम आहेत. मी तो घेत नाही, इतकंच.

नात तन्वी तेव्हा सहावीत होती. मी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. तेसुद्धा दाराच्या फटीतून. जेवताना कानात मोबाइलच्या गाण्यांची बोंडं घालून बसायची आणि मी वाढलेल्यातलं निम्मं चिवडून ठेवायची. पोर वाईट नव्हती, पण माझ्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटत होतं असं मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

तर एका दुपारी खालचा हारिस वर आला. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार. आमचा रफीक, बांगलादेशचा. त्याच्या हातात खजुराचा रिकामा खोका होता.

"अम्मा, इसका माँ बाकी बच्चा लेके चला गया. ये छूट गया. नीचे गाडी के पास जमीन कितना गरम, मर जाएगा."

खोक्यात मुठीएवढं करड्या रंगाचं काहीतरी होतं. डोळे उघडलेले, पण त्यांनी काही दिसत असावं असं वाटत नव्हतं.

"मैं क्या करूँ?" मी म्हटलं. "मैंने जिंदगीभर बिल्ली को झाडू मारा है."

"अभी ये छोटा है, अम्मा. झाडू बाद में मारना."

मी दार लावणार, तेवढ्यात मागून तन्वी आली. कानातली बोंडं काढून तिने खोक्यात पाहिलं आणि म्हणाली, "आजी, त्याचं पोट बघ ना. आत गेलंय."

पूर्ण वाक्य, तेही मराठीत. आणि पोट खरंच आत गेलं होतं. आत गेलेलं पोट मला बघवत नाही. माया वगैरे काही नव्हती. खोका आत घेतला.

सुजाता ड्युटीवरून आली तोवर मी गाईचं दूध कोमट करून ठेवलं होतं. तिने ते बेसिनमध्ये ओतलं. "आई, ते याला पचत नाही. हगवण लागून मरेल." तिने प्राण्यांच्या दवाखान्यात फोन करून विचारलं आणि मांजराच्या पिल्लांची दुधाची भुकटी आणली, डबा आणि बाहुलीची असावी तशी बाटली. मी सहाण काढून त्यावर वेखंड आणि जायफळ उगाळायला घेतलं, बाळगुटीचं. तिने सहाणच उचलून माळ्यावर टाकली. "आई, जायफळ मांजराला विष असतं!" मग निदान हिंग पाण्यात कालवून बेंबीवर लावावा म्हणून मी बेंबी शोधली. त्या केसात ती सापडेना. तन्वी हसून हसून जमिनीवर बसली. त्या पोरीला मी त्याआधी इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

पाजायच्या रीतीही वेगळ्या. माणसाच्या बाळासारखं उताणं घ्यायचं नाही, नाहीतर दूध छातीत जातं. पालथं, चार पायांवर, मान थोडी वर. आणि पाजून झालं की खरं काम. एवढी लहान पिल्लं आपली आपण शी-शू करू शकत नाहीत. त्यांची आई चाटते तेव्हा होते.

"मग आता कोण चाटणार?" मी विचारलं.

"कापूस, आई. कोमट पाण्यात भिजवलेला. शेपटीखाली हळूहळू पुसायचं."

मी तीन मुलं, पाच भाचरं आणि एक आजारी सासू यांचं सगळं काढलंय. मांजराचं तेवढं राहिलं होतं. तेही झालं.

तन्वीने नाव ठेवलं मोची. मी त्याला मेल्या म्हणायची. ते मेल्यालाच मान वळवायचं.

घराला नवा नाद लागला. सतीशराव कामाचे बूट न काढता खोक्याशी बसायचे. मोठा धिप्पाड माणूस, पण तळहातावर ते पिल्लू आणि चिमटीत ती बाटली. "पी रे राजा, पी." सुजाता दहा-बारा तास रोग्यांना औषधं देऊन यायची आणि हात धुऊन आधी त्याला पाजायची. तन्वी शाळेतून आली की दप्तर दारात आणि ती खोक्याशी. ती आता माझ्या स्वयंपाकघरातच बसायची, कारण खोका ओट्याखाली होता. मला विचारायची, "आजी, तुझ्याकडे गाय होती? तिचं वासरू कसं प्यायचं? तूही बाटलीने पाजायचीस?" मराठीत विचारायची. शब्द अडला की हाताने दाखवायची. मी कांदा चिरता चिरता उत्तरं द्यायची. एवढं बोलायला मला त्या घरात आजवर कुणी मिळालं नव्हतं.

पिल्लाचं पोट गोल झालं. नगाऱ्यासारखं. मला फार बरं वाटलं. रडत नव्हतं, ओरडत नव्हतं. प्यायचं, झोपायचं. मी फोनवर चिपळूणच्या भावाला सांगितलं, "गुणी आहे. भूक लागली म्हणून एकदाही तोंड उघडलेलं नाही."

मग शी पातळ झाली. आधी पिवळी, मग हिरवट, मग नुसतं पाणी, आणि वास असा की खिडकी उघडता येत नाही म्हणून एसीला शिव्या घालाव्यात. पुसून पुसून बिचाऱ्याची मागची कातडी लाल झाली. मी ओव्याची पुरचुंडी कोमट करून पोटाखाली ठेवली. ऊब मिळाली असेल, पण फरक नाही. सुजाताने दूध पाजणं वाढवलं नाही, मीही नाही. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. "अंगातलं सगळं निघून जातंय, थोडं पोटात राहू दे," असं मनाशी म्हणून मी आपला एखादा घोट जास्त पाजत होते.

शुक्रवारी सकाळी उशिरा पिल्लाने मान टाकली. बाटली तोंडाशी नेली तर ओठही हलवेना. सुट्टीचा दिवस, सतीशरावही रात्रपाळी करून आलेले, सगळे घरात. तन्वी खोक्याशी बसली होती. रडत नव्हती. तिचा चेहरा पुन्हा तसा झाला होता, दाराच्या फटीतला. तिने खिशातून ती बोंडं काढली आणि कानात घातली.

मी ते पाहिलं आणि गॅस बंद केला. "गाडी काढा," सतीशरावांना म्हटलं. "ह्याला काही झालं तर ही पोर पुन्हा माझ्याशी बोलायची नाही."

माझ्या तोंडून ते मोठ्याने गेलं. सतीशरावांनी किल्ली घेतली.

दवाखाना शुक्रवारी उघडा होता हे नशीब. डॉक्टरीण तरुण होती, इजिप्तची, डोक्याला निळा रुमाल. तिने पिल्लाच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती वर तशीच उभी राहिली, खाली बसेना. अंगातलं पाणी गेल्याची ती खूण, सुजाता मला हळूच म्हणाली. डॉक्टरणीने सुई घेतली आणि मानेच्या कातडीखाली पाणी भरलं. तिथे लिंबाएवढा फुगा आला. मग पोट दाबून पाहिलं आणि इंग्रजीत काही विचारलं. तन्वीने एका कानातलं बोंड काढून मला मराठीत सांगितलं.

"त्या विचारतायत, याला कोण पाजतं?"

"मी," सतीशराव म्हणाले.

"मी," सुजाता म्हणाली, त्याच क्षणी.

डॉक्टरणीने एकाकडून दुसरीकडे पाहिलं. "आज सकाळी कोणी पाजलं?"

"मी, ड्युटीवरून आल्या आल्या," सतीशराव.

"अहो, मी उठल्या उठल्या पाजलं होतं!" सुजाता.

तन्वी हळूच म्हणाली, "मीपण."

सगळे माझ्याकडे वळले. मी पदर सावरला. "मी काय नुसती बसले होते का? पहाटे चहा ठेवतानाच पाजलंय मी."

डॉक्टरणीने हातातलं पेन खाली ठेवलं. तन्वीकडे बघून तिने काहीतरी विचारलं, आणि तन्वी, जी मघापर्यंत दगड झाली होती, ती हसायला लागली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"त्या म्हणतात, तुम्ही सगळे एकाच घरात राहता ना?"

तर असं होतं. त्या पिल्लाला कुणीही उपाशी ठेवलं नव्हतं आणि कुणीही दुसऱ्याला "पाजलंस का?" असं विचारलं नव्हतं. आमच्या घरात तशी पद्धतच नव्हती. आलेल्याने आधी पाजायचं. जो दारातून येईल तो पाजणार. चार ड्युट्यांची चार माणसं आणि नखाएवढं पोट. त्यात आम्ही चौघं ओतत होतो आणि ते बाहेर येत होतं. जंत नव्हते, रोग नव्हता. डॉक्टरीण म्हणाली, भुकटीचं दूध आधी पातळ द्या, मापाने द्या, आणि मध्ये वेळ सोडा. पोट रिकामं होऊ द्या. तिचं शेवटचं वाक्य तन्वीने मला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मी ते घेतलं नाही. "त्याला रडू द्या. भूक लागली की रडलं पाहिजे. ते मागतच नव्हतं, हे चांगलं लक्षण नव्हतं."

परतताना गाडीत खोका तन्वीच्या मांडीवर. समुद्राकडेचा रस्ता पांढराफेक उन्हाने भाजत होता. सतीशराव आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "आई, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"रागावेन. बोला."

"संध्याकाळच्या ड्युटीवर आम्हाला कँटीनमध्ये जेवण असतं. मी तिथे जेवून येतो."

"मग घरी येऊन काय करता?"

"घरी येऊन जेवतो."

"केव्हापासून?"

"तुम्ही आल्यापासून."

सुजाता खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे. हसत होती. "म्हणून त्या पित्ताच्या गोळ्या," ती म्हणाली. "आई, मी यांची एंडोस्कोपी करायला निघाले होते गं! तारीखसुद्धा घेतली होती!"

"मग सांगायचं नाही का, तोंड होतं ना?" मी म्हटलं.

"सांगितलं होतं," सतीशराव नम्रपणे म्हणाले. "रोज. 'नको' म्हणून."

मी बाहेर बघत बसले. रागावले होते की नाही आठवत नाही. मला हसू येत होतं आणि ते दाखवायचं नव्हतं, एवढं आठवतं.

घरी आल्यावर मी एक पितळेची वाटी ओट्यावर ठेवली, माझ्या आईकडून आलेली. सगळ्यांना सांगितलं, जो पाजेल त्याने वाटी पालथी घालायची. पालथी वाटी दिसली की बाटलीला हात लावायचा नाही, मग तो घरचा कर्ता असो नाहीतर नर्स असो. पुढच्या पाजण्याची वेळ झाली की सुजाताच्या फोनचा गजर होईल, तेव्हा वाटी सुलटी. पहिल्या दिवशी सगळ्यात कठीण मलाच गेलं. खोक्यातून नुसती खुडबुड झाली तरी हात बाटलीकडे जायचा. तन्वी ओट्याशी अभ्यास घेऊन बसायची. मान वर न करता म्हणायची, "आजी. वाटी." मी हात मागे घ्यायची. त्या पोरीचा धाक मला पोलिसाच्या वरताण होता.

पातळ दूध, थोडंथोडं. आम्ही शीवर असे नजर लावून बसलो जसे काही परीक्षेच्या निकालावर. आधी पाणी कमी झालं. मग काहीच नाही, आणि आता ही दुसरी काळजी. कापूस घेऊन पुसायचं, बघायचं, काही नाही. रफीक जिन्यात भेटला की विचारायचा, "अम्मा, हुआ?" मी म्हणायची, "नहीं हुआ." सतीशराव कामावरून फोन करायचे, "आई, झाली का?" त्यांच्या कंट्रोल रूममधले लोकसुद्धा चौकशी करायला लागले होते म्हणे.

आणि एका दुपारी, गजर व्हायच्या आत, वाटी अजून पालथी असताना, ओट्याखालून आवाज आला. मी आधी घाबरले. एवढ्याशा देहातून एवढा आवाज निघेल असं कुणाला वाटलं नसतं. गंजलेल्या बिजागरीसारखा. ते खोक्याच्या कडेला पुढचे दोन पाय लावून, तोंड आ करून, माझ्या नावाने बोंबलत होतं. भूक लागली होती मेल्याला. त्याने मागितलं होतं.

तन्वी ओरडली, "आजी, रडतंय! रडतंय!" जसं काही लॉटरी लागली.

आम्ही गजर होईपर्यंत थांबलो. कसं थांबलो ते आम्हाला ठाऊक. मग पाजलं, मापाने. मी कापूस घेतला, पुसलं, आणि झाली. पिवळसर, घट्ट, टूथपेस्टसारखी, कापसावर नीट उतरलेली. मी आयुष्यात फार सुंदर गोष्टी पाहिल्या आहेत असं मी म्हणणार नाही, पण त्यातली ती एक.

तन्वीने त्या शीचा फोटो काढला आणि मी थांबवायच्या आत तो घरच्या ग्रुपवर टाकला, जिथे चिपळूणचे सगळे आहेत. माझ्या भावाने खाली नमस्काराचे हात पाठवले. त्याने चष्मा लावला नव्हता, त्याला वाटलं फोटो नैवेद्याचा आहे.

आता तो मोठा बोका झाला आहे. हे लिहिते आहे तेव्हा माझ्या पायाशी फरशीवर पसरलाय, पोत्यासारखा. पोट उत्तम. आमच्यापेक्षा उत्तम. मागेल तेव्हा मागतो, नको तेव्हा बशीकडे पाठ करून बसतो. त्याच्या "नको"ला मी कधी वाद घातला नाही.

पण सांगायचं ते त्या दुपारचंच राहिलं. पिल्लू झोपलं, वाटी पालथी घातली, आणि तन्वी पाटावर बसली. तिला मी तिथेच एक पाट दिला होता. मी ताट घेतलं, पळी भातात घातली आणि माझा हात थांबला. साठ-पासष्ट वर्षांत पहिल्यांदा थांबला असेल. आईने ऐकलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं. पण मी विचारलं.

"भूक आहे का गो?"

तन्वीने मान वर केली. कानात काही नव्हतं. तिने खरोखरच विचार केला, पोटावर हात ठेवून. "थोडी."

"थोडी म्हणजे किती?"

तिने ओंजळ करून दाखवली, लहानशी. मी तेवढाच भात वाढला, तेवढंच पिठलं. ताट इतकं उघडं दिसत होतं की मला त्याच्याकडे बघवेना. म्हणून मी पाठ फिरवून ओटा पुसायला लागले. पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

मागून ताट सरकल्याचा आवाज आला.

"आजी, अजून."

मी एवढी माणसं जेवायला घातली. माझ्या हातचं जेवून कुणीही, नवऱ्याने नाही, मुलांनी नाही, जावयाने तर नाहीच, कधी "अजून" म्हटलं नव्हतं. मी कुणाला तेवढी उसंतच दिली नव्हती. कसा असतो तो शब्द ऐकायला, हे मला माहीतच नव्हतं.

मी वळले आणि वाढलं. किती, ते विचारलं नाही.